नोंद राहून गेली

सीए असल्यामुळे एक गोष्ट अंगात भिनलीय: नोंद नाही तर व्यवहार नाही. इथे स्टेट कॉलेजमध्ये १५ एप्रिलपर्यंत लोकांच्या पावत्या जपते. पण माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या? एकीचीही नोंद नाही. आजी गेली, ओव्याही गेल्या.

आमच्या जळगावकडच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात राबताना सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं उतरवून घ्यायची. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. ती वही नसती तर जगण्याचं एवढं शहाणपण त्यांच्याबरोबरच संपलं असतं.

म्हणून आता शनिवारी रात्री नऊला, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी साडेसहाला, आईला व्हिडिओ कॉल लावते. लेक रेकॉर्ड करते. परवा तिने विचारलं, "आजी, जातं म्हणजे काय?" आईने हात गोल फिरवून दाखवला, गायला लागली आणि दुसऱ्या ओळीवर अडली. "पुढचं आठवत नाही गं."

दीड ओळ मिळाली. लेकीने तेवढी वहीत लिहिली, खाली तारीख टाकली.

तुमचे आई-बाबा असतील, तर "जेवलात का?" नंतर अजून एक प्रश्न विचारा. आणि लिहून ठेवा.