तोल, भोवळ आणि ‘बॅलन्स’

‘बॅलन्स’ हा इंग्रजी शब्द आपल्या घरांत असा रुळला आहे की तो परका वाटतच नाही. मोबाइलमधला बॅलन्स संपतो, पासबुकातला बॅलन्स पाहिला जातो, सायकल शिकणाऱ्या नातवाला ‘बॅलन्स सांभाळ’ असे बजावले जाते. आणि दवाखान्यात येणारे आजोबा सांगतात, ‘डॉक्टर, हल्ली बॅलन्स जातो.’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. दोन पारड्यांचा तराजू, हा त्याचा पहिला अर्थ. मराठीने मात्र त्याच्या एकेका अर्थासाठी निराळा शब्द ठेवला आहे. खात्यात उरते ती शिल्लक, व्यापाऱ्याचा तो ताळेबंद, आहार समतोल, आणि चालताना सांभाळायचा तो तोल.

व्यवहारात एका शब्दावर भागते. आजारपणात तसे भागत नाही, कारण ‘बॅलन्स जातो’ या एकाच वाक्याआड तीन-चार वेगवेगळे विकार दडलेले असू शकतात.

तराजूला दोन पारडी असतात. शरीराचा तोल तीन आधारांवर उभा असतो. कानाच्या आतील भागातली संवेदक यंत्रणा, डोळे, आणि पायांचे तळवे व सांधे यांतून येणारी जाणीव. या तिघांकडून येणारी माहिती मेंदू जुळवतो. एक आधार दुबळा झाला तर उरलेले दोन सांभाळून घेतात. उतारवयात मात्र मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे आणि वयाने मंदावलेले कान असे तिन्ही आधार एकदम थोडेथोडे खचतात. म्हणूनच दिवसा व्यवस्थित चालणारी व्यक्ती रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडते.

आता तक्रारींकडे वळू. अंथरुणात कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, ती भोवळ. कानाच्या आत कॅल्शियमचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की असे होते. डॉक्टरांनी ठरावीक क्रमाने मान व शरीर वळवून ते स्फटिक परत जागी नेता येतात. ‘एप्ली’ नावाच्या या कृतीने अनेकांना एक-दोन बैठकींत आराम पडतो. गोळीने स्फटिक हलत नाहीत.

बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे येते ती अंधारी. तिचा संबंध बहुधा कानाशी नसून रक्तदाबाशी असतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर कारण शोधावे लागते. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे, कमी पाणी पिणे ही नेहमीची कारणे. त्यासाठी आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा दाब मोजावा.

बसलेले असताना काहीच होत नाही, पण चालताना झोक जातो किंवा तोंड धुताना डोळे मिटताच तोल ढळतो, तेव्हा लक्ष पायांच्या नसांकडे, बी-12 जीवनसत्त्वाकडे आणि मेंदूच्या विकारांकडे जायला हवे. लघवी वाढवणारी औषधे चालू असतील तर रक्तातले सोडियमही तपासावे. ते साधारण 135 ते 145 असते. फार उतरले तर पाय लटपटतात आणि बोलण्यात गोंधळ येतो.

हा भेद शब्दांपुरता नाही. ‘बॅलन्स जातो’ एवढेच कळले की चक्कर थांबवणारी गोळी सुरू होते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे चालू राहते. यांतील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांमध्ये हातांना कंप आणि अंगाला ताठरपणा येऊ शकतो. म्हणजे तोल सावरण्यासाठी घेतलेली गोळीच तोल बिघडवते. अशी गोळी घरात असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती अजून हवी आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

काळजी घेणाऱ्यांनी चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. खोली फिरते, अंधारी येते की झोक जातो? कोणत्या हालचालीने? किती वेळ टिकते? औषधे कोणती चालू आहेत? मात्र तोल जाण्याबरोबर तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले, तर टिपत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

एकदा पडल्यावर अनेक वृद्ध धास्तीने चालणेच सोडतात. त्याने स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. रात्री मंद दिवा, न्हाणीघरात पकडायला दांडी, उठण्यापूर्वी काठावर मिनिटभर बसणे आणि सोबतीने रोजचे चालणे, एवढे घरोघरी करता येते. आणि दवाखान्यात गेल्यावर बॅलन्स हा शब्द थोडा बाजूला ठेवून भोवळ, अंधारी, झोक हे आपले जुने शब्द निःसंकोच वापरावेत. त्यांतून डॉक्टरांना अर्धे निदान मिळते.