लाल जर्सी

अमेरिकेत एमएस करताना मला युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमच्या प्रॅक्टिसचं शूटिंग करायचं काम मिळालं. फुटबॉल म्हणजे हेल्मेटवालं, त्यांचं. विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. गंमत म्हणजे एनसीएएच्या नियमाने सीझनमध्ये खेळाडूंनाही प्रॅक्टिस आणि मॅच धरून २०च तास.

प्रॅक्टिसला क्वार्टरबॅकची जर्सी वेगळ्या रंगाची. आमच्याकडे लाल. लाल म्हणजे याला पाडायचं नाही. समोरचा सव्वाशे किलोचा गडी धावत येतो, बाजूने निघून जातो, शिट्टी वाजते. बरोबरच आहे, मंगळवारी हा मोडला तर शनिवारी खेळणार कोण? पण मग मंगळवारी दिसतो तो नुसता त्याचा हात. अंगावर माणूस येत असताना त्याची नजर लांबच्या गड्यावर राहते का, हे दिसत नाही. आणि शनिवारी कोण उतरणार, हे बरंचसं मंगळवार बघूनच ठरवतात.

८ जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय फायनलमध्ये अलाबामा हाफटाइमला जॉर्जियाविरुद्ध ०-१३ अशी मागे होती. कोच निक सेबननी जेलेन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवायलोआला उतरवलं. ओव्हरटाइममध्ये टुआ १६ यार्ड मागे आपटला, आणि पुढच्याच प्लेला त्याने ४१ यार्डांचा पास टाकून मॅच जिंकली. सगळे सेबनच्या धाडसाबद्दल बोलतात. मला वाटतं, त्या दोघांना सीझनभर प्रॅक्टिसला बघणाऱ्या कोचलाही सुरुवातीला हर्ट्सच बरा वाटला होता ना! (आणि हर्ट्स कच्चा होता असंही नाही. त्याच डिसेंबरमध्ये टुआला लागलं, तेव्हा जॉर्जियालाच हरवून त्याने टीमला एसईसीची फायनल जिंकून दिली.)

आमचा दोन नंबरचा क्वार्टरबॅक प्रॅक्टिसला फार देखणा खेळायचा. वरून कॅमेऱ्यातून बघताना मला तोच एक नंबर वाटायचा. एका शनिवारी पहिल्याला लागलं आणि हा उतरला. पहिल्याच प्लेला त्याला आडवा केला. नंतर आसपास कोणी नसतानाही तो बॉल घाईघाईने सोडत राहिला. क्लिप कापताना मला त्याचे पाय दिसत होते. मंगळवारी रोवलेले असायचे ते, आता तापलेल्या फरशीवर उभं असल्यासारखे.

सोमवारी तो व्हिडिओ रूममध्ये आला. शनिवारच्या क्लिप मी काढूनच ठेवल्या होत्या. तो म्हणाला, मंगळवारच्या दे.

मला तेव्हा ते विचित्र वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात पदवी हातात होती आणि नोकरी नव्हती. बेकार राहायला व्हिसाच्या नियमाने एकूण ९० दिवस, त्यातले ६१ संपलेले. रूममेटसमोर मी तीसेक मॉक इंटरव्ह्यू दिले होते, बहुतेक सगळे सुटलेले. खऱ्या इंटरव्ह्यूत साधा बायनरी सर्च विचारला आणि मी मार्कर धरून बोर्डासमोर नुसता उभा राहिलो. बाई चांगल्या होत्या, दोनदा हिंट दिली त्यांनी.

घरी आलो, बूटही न काढता टेबलाशी बसलो आणि मॉकची वही उघडली. बायनरी सर्च चौथ्या पानावर होता. माझ्याच अक्षरात, अकरा मिनिटांत सोडवलेला.