वार्धक्याची वहिवाट

सेवानिवृत्तीच्या दिवशी कचेरीत शाल, श्रीफळ आणि चार गौरवपर भाषणे देऊन आपण माणसाला निरोप देतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला काही विचारण्याचे सोडून देतो. यालाच आपण आदर समजतो, परंतु ज्याच्याकडून कसलीच अपेक्षा उरली नाही त्याचा आदर हा निव्वळ शिष्टाचार होय, असे मला दिवसेंदिवस अधिक तीव्रतेने वाटू लागले आहे.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजातील गणिताच्या अध्यापनातून १९१४ साली निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. परंतु मला अधिक विस्मय वाटतो तो १९३६ सालाचा. वयाच्या ७८ व्या वर्षी, लोकल बोर्डाच्या शाळा जेथे पोहोचल्या नव्हत्या अशा खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि त्यासाठी पुण्याच्या रस्त्यांतून पायी हिंडून लहानसहान वर्गण्या गोळा केल्या. या रकमा लोकांनी निःशंकपणे हाती ठेवाव्यात, एवढी पत त्यांच्यापाशी आयुष्यभराच्या सचोटीने जमा झालेली होती, आणि कोणा उत्साही तरुणाला ती उसनी मिळण्याजोगी नव्हती. शरीर थकते, कान मंदावतात, हे खरेच. म्हणून काम झेपेल असे नेमून द्यावे, काढून घेऊ नये.

आमच्या गावी दोन भाऊबंदांत पाण्यावरून तंटा झाला, तेव्हा सातबाऱ्याचा उतारा आणि मोजणीचा नकाशा समोर असूनही जुना पाट नेमका कोठून फुटत असे, याचा उलगडा कोणाला होईना. तेवढ्यात काठी टेकीत आलेल्या एका वृद्धेने, आपण लग्न होऊन या घरी आलो तेव्हा पाणी कोणत्या अंगाने वळत असे हे सांगत, काठीचे टोक मातीत रोविले. तेथे उकरताच गाळाखाली घडीव दगडांची मोरी लागली. तंटा मिटला. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या झाल्या, तलाठ्याची झाली. जिच्या साक्षीने निकाल लागला तिचे नाव मात्र कागदात कोठेही आले नाही आणि ते घालावे असे कोणाला सुचलेही नाही. येत्या हंगामाच्या पाणीपाळ्या ठरविताना तिला रीतसर बोलवावे व तिचे म्हणणे तिच्या नावानिशी दप्तरी नोंदवावे, असा अर्ज मी पंचायतीकडे दिला असून त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही.