गळती

आमच्या घरात पाणी गार करणारे यंत्र आले ते आईच्या इच्छेविरुद्ध. १९६२ च्या वैशाखात जव्हारहून लग्न होऊन ती सिल्वासास आली, तेव्हा हा मुलूख मुक्त होऊन आठ वर्षे होत आली होती आणि भारतात रीतसर सामील होऊन वर्षही पुरे झाले नव्हते. अंगणात विहीर, विहिरीवर रहाट आणि माजघरात ओल्या वाळूवर बसवलेला माठ, हा तिचा संसार. आपल्यापैकी ज्यांची घराणी मुक्तीच्या आगेमागे येथे स्थिरावली, त्यांना असा माठ वेगळा सांगावयास नको. विहीर पुढे बुजली. माठावरील तिचा विश्वास मात्र अढळ राहिला.

वास्तविक माठातले पाणी गार होते ते अंगावर पाझरलेला ओलावा हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातो म्हणून. आषाढ-श्रावणात आमच्याकडची हवाच इतकी भिजलेली असते की तो ओलावा उडावा कोठे? त्या दिवसांत माठ म्हणजे नुसते भांडे. हे शास्त्र आईस ऐकवून आम्ही वीस लिटरचा जार डोक्यावर घेणारे ते यंत्र स्वयंपाकघराच्या दाराशी उभे केले.

दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी त्याच्या पायाशी पाण्याचे थारोळे दिसले. पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसभर फरशी कोरडी आणि पहाटे ओली! रात्री पाण्यासाठी उठणारी घरात एकच व्यक्ती. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "आई, तोटी नीट बंद करत जा ना." ती म्हणाली, "केली होती रे." तेवढ्यावर न थांबता आम्ही मोठ्या वळणदार अक्षरांत ‘तोटी घट्ट बंद करावी’ असा कागद लिहून यंत्रावर चिकटवला. आमच्या हस्ताक्षराची आजवर बरीच प्रशंसा झाली आहे; त्याचा इतका वाईट उपयोग आम्ही कधी केला नव्हता.

मिस्त्री आला, तोटी बदलून पैसे घेऊन गेला. गळती कायम. पुन्हा आला, वॉशर बदलून गेला. मध्ये चार दिवस फरशी कोरडी राहिली, तेव्हा आम्ही कागदास श्रेय दिले. नंतर पुन्हा पाणी.

पंधरवड्याने आई सकाळी न्हाणीघराच्या दारात भोवळ येऊन बसली. पडली नाही, हे नशीब. डॉक्टरांनी तपासून प्रथम हेच विचारले, की दिवसात पाणी किती पिता? आई गप्प. सौ.ने घरी आल्यावर सांगितले, की दिवेलागणीनंतर त्यांनी पाणी पिणेच सोडले आहे. यंत्राकडे जावयास नको म्हणून.

उलगडा केला तो जार पोहोचवणाऱ्या पोराने. खानवेलकडचा वारली मुलगा, कागद वाचून हसला आणि म्हणाला, "काका, तोटी गळली तर पाणी पुढं ताटलीत पडंल. हे तर मागून येतंय." तोटीखालची जाळीची ताटली खरोखरच कोरडी ठणठणीत होती, आम्ही ती रोज पाहत होतो. त्याने अर्धा जार उतरवून सरळ उभा केला, बूड फडक्याने कोरडे पुसले आणि थांबला. कडेला केसाएवढी एक ओली रेघ उमटली. टेम्पोतून उतरवताना जार आपटतात, असे तो सहज म्हणाला.

उलटा जार रिकामा होत नाही तो बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. हा दाब पाण्याचा सुमारे दहा मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो; टॉरिचेली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने तो दाखवून दिला. खालच्या टाकीतले पाणी उतरून जारचे तोंड उघडे पडले की बुडबुडा वर जातो आणि तेवढेच पाणी खाली येते. बुडाला चीर असेल तर हवा तेथूनच आत शिरते. चिरेतून थेंबही बाहेर येत नाही, म्हणून ती दिसत नाही. पाणी मात्र हळूहळू टाकीत उतरत राहते. दिवसा आम्ही ते पीत असू, म्हणून पातळी चढत नसे. रात्री कोणी पीत नसे, तेव्हा टाकी भरून काठावरून पाठीमागे ओघळत असे. म्हणजे आई रात्री जो पेला भरून घेई, त्याने गळती कमीच होत होती! मधले चार कोरडे दिवस धड जारचे होते. जार बदलून पाहावा, एवढी साधी परीक्षा आम्हांस सुचली नाही.

यंत्राच्या इतर तक्रारी किरकोळ. पाणी गार होईना तर ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे आणि प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ झाडावी. नवा जार बसवूनही धार येईना, तर हवा अडकलेली असते; जार किंचित उचलून पुन्हा बसवावा. गरम पाण्याचे बटण मात्र तिकडच्या तोटीतून धार आल्यावाचून दाबू नये, कोरड्या टाकीत तापकाची कांडी जळते. वास आला तर प्लग काढून, गरम टाकी निवू देऊन, सगळे पाणी सोडून आतून धुवावे. क्षारांचे पांढरे थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सुटतात; मागाहून दोनतीनदा स्वच्छ पाणी खेळवावे. जार उन्हात ठेवू नये, हिरवट शेवाळ धरते. यापैकी एकाही दुखण्यात घरच्या माणसाचे नाव घेण्याचा प्रसंग येत नाही.

तो कागद आम्ही त्याच संध्याकाळी खरवडून काढला. डिंकाचा डाग राहिला आहे, कशानेही जात नाही. आईला म्हणालो, "आई, चुकलो." तिने "असू दे" म्हटले आणि सौ.कडे माठ धुऊन मागितला. आता रात्री तिच्या उशाशी माठातले पाणी असते. नव्या जारमधले पाणी ती माठात ओतून घेते, आणि ओतण्यासाठी जार उचलण्याचे काम आमच्याकडे आहे.