पाटलांच्या पाठीवरचं खोगीर

मे महिन्यातलं सोलापूर. बाहेर ४२ डिग्री, घरात माझी डेडलाइन आणि हॉलमधल्या टँकमध्ये पाटील. पाटील म्हणजे अप्पांचा गोल्डफिश. चालीत रुबाब, म्हणून पाटील! आई गेल्यापासून अप्पा सकाळचा चहा त्याच्याशी गप्पा मारतच प्यायचे. ते पंधरा दिवस काकाकडे पुण्याला गेले आणि पाटलांचा चार्ज माझ्याकडे आला.

दहाव्या दिवशी पाटलांच्या पाठीवर, पराखाली, फिकट पट्टा दिसला. तोंडाशी कापसासारखं काहीतरी. दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो जेमतेम बघितला. "फंगस आहे की ओ मॅडम. निळं औषध टाका." टाकलं. दोन दिवसांत पाटील गेले. आणि काळ्या मोलीच्या तोंडाला तोच कापूस!

मावसबहीण कॉलेजात झूलॉजी शिकवते. मोलीला पिशवीत घालून तिला गाठलं. तिने अंगावरचा चिकट थर हलकेच खरवडून पाण्याच्या थेंबात, काचपट्टीवर घेतला.

"फंगस असती तर जाड, फांद्या फुटलेले धागे दिसले असते. आता तू बघ."

मला दिसल्या बारीक, लांबट काड्या. संथ सरकणाऱ्या. जरा वेळाने त्या एकमेकींवर चढल्या आणि ढीग झाले, थेट कडब्याच्या गंजीसारखे! हा बॅक्टेरिया, फ्लॅवोबॅक्टेरियम कॉलम्नेअर. डेव्हिस नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९२२ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. 'कॉलम्नॅरिस' हे नाव या ढिगांवरूनच. पाठीवरचं ते खोगीर ही त्याचीच खूण. पाणी तापलं की तो सुसाट सुटतो, कल्ले खातो. पक्की खात्री हवी तर लॅबमध्ये कल्चर करावं लागतं.

"टँकचं पाणी कधी बदललंस गं?"

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलेलं पिंपात भरायचं, क्लोरीन उडू द्यायचा, मग टँकमध्ये. मी दोन पाळ्या चुकवल्या होत्या. तुंबलेला अमोनिया, त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी. मासा असा थकला की या बॅक्टेरियाचं फावतं.

मोली वाचली. वेगळा टब, ताजं पाणी आणि जाणकाराला विचारून दिलेलं अँटिबायोटिक.

अप्पा परत आले. अजूनही चहा पिताना त्या दुकानदाराचा उद्धार करतात. पाण्याच्या दिवशी पहिली बादली मी टँकसाठी बाजूला काढते. का, ते त्यांनी विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.