मॅनहोलच्या तोंडाशी

आमच्या बाणकोट खाडीच्या काठचा पोरगा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला जायचा. कुणी गोदीत, कुणी जहाजावर, कुणी खानावळीत. मी १९८४ साली चुलत्यांच्या मागे बार्जवर गेलो. बार्ज म्हटलं की लोकांना गोव्यातले, मांडवीतून लोहखनिज वाहणारे बार्ज आठवतात. आमचा तसला नव्हे. आमच्याच्या पोटात टाक्या होत्या आणि टाक्यांत तेल. मुंबई बंदरात नांगरून पडलेल्या मोठ्या जहाजांना फर्नेस ऑइल आणि डिझेल नेऊन द्यायचं, हा धंदा.

शाळा-बिळा काही नव्हती. खलाशी म्हणून चढायचं, डेक घासायचा, 'हबेस' म्हटलं की उचलायचं, 'आरिया' म्हटलं की सोडायचं. नोकरीची वर्षं भरली की सारंगाची परीक्षा. तिथे मला दिवे विचारले, भोंगे विचारले, समोरून बोट आली तर वाट कुणी कुणाला द्यायची ते विचारलं. तेलाबद्दल एक अक्षर नाही.

तेल शिकवलं चुलत्यांनी. ते आमचे सारंग. त्यांची रीत अशी, की कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी गावाला जायचं.

"तुझी आजी हंड्यातल्या पाण्यावर डहाळी का टाकते रं?"

"पाणी हिंदकळू नये म्हणून."

"मग टाकीत मधे भिंती कशाला घातल्यात, सांग आता."

भरलेला हंडा डोक्यावर गुमान बसतो, अर्धा हंडा नाचतो. टाकीचंही तेच. अर्धवट टाकीतलं तेल एका बाजूला धावलं की अख्खा बार्ज त्या अंगाला कलतो. म्हणून भरायचं तर कुठली टाकी आधी, रिती करायची तर कुठली आधी, याचा हिशेब सारंगाच्या डोक्यात पक्का हवा.

पण भरलेला म्हणजे काठोकाठ नव्हे. हजार लिटर डिझेल दहा अंश तापलं की साधारण आठ लिटर वाढतं. पहाटेच्या गारव्यात गच्च भरलं आणि दुपारी मे महिन्याचं ऊन पत्र्यावर बसलं, की तेल वाट काढतंच. त्यासाठी वर जी जागा सोडायची तिला अलेज म्हणतात. ती टेपनं मोजायची. टेपचं वजन पितळेचं, कारण लोखंड लोखंडावर आपटलं की ठिणगी पडते. टेपच्या टोकाला एक लेप लावून तळापर्यंत सोडली, की खाली पाणी असेल तेवढ्या भागाचा रंग बदलतो. दुधातलं पाणी असं तळाशी बसत नाही, नाहीतर आमच्या गावच्या दूधवाल्याचं काही खरं नव्हतं.

पाइप जोडताना सगळे बोल्ट लावायचे. चारावर भागतंय म्हणून चार लावले की चुलते पाना हातातून काढून घेत आणि दिवसभर बोलत नसत. डेकवरची पाणी जायची भोकं आधी बुचांनी बंद करायची, म्हणजे सांडलंच तर समुद्रात जायला नको. पहिली धार नेहमी बारीक. गळती कळते, तेल भलत्याच टाकीत जात नाही ना तेही कळतं, आणि जोरात पडणाऱ्या तेलात वीज साठते ती साठत नाही. पहिल्या पगारात मी एक नायलॉनचा शर्ट घेतला होता. अंधारात काढताना तडतड वाजायचा. चुलत्यांनी तो माझगावच्या गावकीच्या खोलीतच ठेवायला लावला. शिमग्याला गावी गेलो तेव्हाच तो अंगावर चढला.

इथपर्यंत गावचं शहाणपण कामाला आलं. रिकाम्या टाकीपाशी मात्र ते उलटं पडतं.

आमच्याकडे जुनी विहीर उपसायची तर आधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर कुणी उतरत नाही. डहाळ्या वरखाली करून हवा खेळवतात, मग पुन्हा कंदील. बार्जवर कंदील सोडायचा म्हणजे बार्ज उडवायचा. हवेच्या शंभर भागांत तेलाची वाफ साधारण एक ते दहा भाग असली की ती पेट घेते. भरल्या टाकीत वाफेला जागा थोडी. रिकामी टाकी वाफेनंच भरलेली. शिवाय बंद टाकीत गंज हवेतला प्राणवायू खातो. डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून ब्लोअर लावायचा, मीटरनं बघायचं, कमरेला दोर बांधायचा, तोंडाशी माणूस बसवायचा, मगच पाय आत.

मीटर आमच्याकडे नव्हतं. श्वास घ्यायचं यंत्रही नव्हतं. चुलत्यांनी मालकाकडे ते तीनदा मागितलेलं मला माहीत आहे. तिसऱ्यांदा मालक हसला म्हणे.

माझ्या तिसऱ्या वर्षी, पावसाच्या तोंडाला, टाक्या धुवायच्या होत्या. वरच्या वाडीतले दोघे सख्खे भाऊ आमच्या बार्जवर खलाशी. झाकण उघडलं होतं, ब्लोअर अजून लावायचा होता. धाकट्याच्या हातून बादली आत पडली. ती आणायला तो शिडीच्या चार-पाच पायऱ्या उतरला असेल. ओरडला नाही. नुसता धप्प आवाज आला.

थोरला धावला. चुलते त्याच्या आधी पोचले आणि मॅनहोलवर बसले. दोन फुटांचं ते भोक, त्यावर फतकल मारून. थोरल्यानं त्यांना लाथा घातल्या, हाताला चावला.

"माझा भाव हाय तो! सोड!"

"तुझ्या आयशीकडं दोन मढी नेऊ काय मी?"

आम्ही दुसऱ्या तोंडातून ब्लोअर लावला. पाठीवर हवेचे सिलिंडर घेतलेली अग्निशमन दलाची माणसं येईपर्यंत चुलते जागचे हलले नाहीत. धाकट्याला वर काढला तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं.

वरच्या वाडीत बातमी गेली ती अशी : पोरगा आत मरत होता आणि सारंग भोकावर बसून राहिला. खोटं तरी कसं म्हणायचं? आमच्या गावात विहिरीत कुणी पडलं तर पोहता न येणारासुद्धा उडी मारतो. काठावर थांबणाऱ्याला लोक पुरुषात धरत नाहीत. चुलते त्यानंतर वरच्या वाडीला कधी गेले नाहीत. पालखी तिकडे चढली की ते खालच्या पारावर बसून राहत. थोरल्यानं बार्ज सोडला, गावीच होडी घेतली. लग्न केलं, तीन मुलं झाली. चुलत्यांशी तो शेवटपर्यंत बोलला नाही.

पुढे मीच सारंग झालो. आता काळ बदललाय. अंतर्देशीय जहाजांचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला. टँकरवर काम करायचे कोर्स निघाले, पोरं सर्टिफिकेट घेऊन येतात, खिशातलं मीटर हवा बिघडली की किंचाळतं. हे सगळं चांगलं झालं, उशिरा झालं.

नवा पोरगा आला की मी त्याला एकच विचारतो. टाकीत तुझा माणूस पडलाय, काय करशील? सगळे पुस्तकातलं सांगतात : आरडाओरडा करीन, आत जाणार नाही, मास्कवाल्याची वाट बघीन. मग मी विचारतो, भावाचं नाव काय? पोरगा नाव सांगतो. ते नाव घालून मी तोच प्रश्न परत विचारतो. त्या वेळी जो गप्प होतो, त्याला मी पहिले सहा महिने टाकीत उतरवत नाही. दोर हातात देऊन तोंडाशी बसवतो.