कडब्याचा हिशेब

वसंत ऋतू म्हटला की माझ्या मैत्रिणींना आंब्याचा मोहर आणि कोकिळेचे कूजन आठवते. आमच्याही बांधावर आंबा आहे आणि कोकिळाही येते. पण तिच्याकडे मान वर करून पाहायला सवड कुणाला असते? आमच्या घरी वसंत येतो तो कडब्याच्या पेंढ्या मोजीत.

माझे गाव बेलूर. नाव सांगितले की लोक हटकून विचारतात, "देवळांचे बेलूर का?" ते बेलूर हासन जिल्ह्यातले. आमचे धारवाडजवळचे. धारवाडहून कित्तूरकडे निघाले की पुणे-बेंगळूर महामार्गावर औद्योगिक वसाहत लागते, आणि बाहेरच्यांना बेलूर म्हणजे एवढेच ठाऊक असते. परंतु कारखान्यांच्या कुंपणापलीकडे अजून शेते आहेत, आणि त्यांत आमचीही सहा एकर काळी जमीन आहे. गोठ्यात एक बैलजोडी आणि एक धारवाडी म्हैस. या म्हशींना स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती २०२१ साली, आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हशीला कळवलंस का?" घरात आम्ही मराठी बोलतो, शेतात कन्नड. बैलांना मराठी समजतच नाही, असे आजीचे ठाम मत आहे.

माघ-फाल्गुनात शेतातली कामे एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन येतात. हरभरा उपटायचा तो पहाटे. ऊन चढले की घाटे तडकतात आणि दाणे मातीत जातात. हरभऱ्याची आंब हाताला लागली की बोटे दिवसभर चुरचुरतात. कुसुंबीही दवातच काढावी लागते, कारण दवाने तिचे काटे थोडे मऊ पडतात. मग शाळूची काढणी, कणसे खुडणे, मळणी. पूर्वी खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. आता यंत्र येते आणि एका दिवसात रास मोकळी करून जाते. धान्य घरात गेले की लोकांना वाटते, सुगी संपली. अप्पांची खरी काळजी तिथून सुरू होते. ते बणमीसमोर उभे राहतात आणि मला हाक मारतात, "वही आण."

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. पण या वर्षी जे गणित त्या वहीत मांडावे लागले, तसे वर्गात अजून कुणी घातलेले नाही. बैलजोडी आणि म्हैस मिळून रोज १५ पेंढ्या लागतात. फाल्गुनअखेरपासून आषाढात बांधावर हिरवे गवत वर येईपर्यंत १२० दिवस धरावे लागतात. म्हणजे १८०० पेंढ्या हव्यात. बणमीत भरल्या ११००. त्या ७३ दिवस पुरणार, म्हणजे ऐन मिरगाच्या तोंडावर, पेरणीला बैल लागतील तेव्हाच, त्यांच्यापुढचे वैरण संपणार.

हे असे का झाले, ते गावात सर्वांना माहीत आहे. आमच्याकडे शाळू हे रब्बीचे पीक. त्यासाठी पावसाळ्यात रान मोकळे ठेवावे लागते. सोयाबीन त्याच रानात पावसाळ्यातच येते आणि रोख पैसे देते. म्हणून शाळू अडीच एकरांवरून दीड एकरावर आला. सोयाबीनच्या पैशांतून माझी फी भरली गेली, हेही खरेच. पण सोयाबीनच्या काडाला बैल नुसते हुंगतात.

मग एके दिवशी हेडी आला. त्याने अप्पांचा हात टॉवेलाखाली घेतला, बोटे धरून भाव सांगितला. दोन्ही बैलांचा. आई दारात उभी होती, तिने काही विचारले नाही. अप्पांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, हे कबूल. परंतु पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो. दोन ओळींमधून कोळपे चालवायला बैलच हवेत. शिवाय शेणखत कुठून येणार? चैत्रात गाडीने खत नेऊन आम्ही लहान ढीग टाकतो आणि कुळवाच्या पुढे पुढेच ते विस्कटतो. उन्हात पसरून ठेवले तर त्यातले नत्र हवेत उडून जाते. कडबा बैलांच्या पोटात, बैलांचे शेण रानात आणि रानातून पुन्हा कडबा, असे हे चक्र आहे. त्यातला एक आरा निखळला की चाक किती दिवस चालेल?

तोड निघाली ती शेजारच्या अज्जांकडून. त्यांचा एक बैल हिवाळ्यात गेला होता. दुसरा एकटाच दावणीला उभा होता. पाडव्याला आम्ही बेवु-बेल्ल द्यायला गेलो, तेव्हा कडुलिंब-गूळ चघळीतच अज्जा म्हणाले, "तुमचा एक, माझा एक. वारंगुळा करू." एक बैल कमी झाला की रोज दहा पेंढ्या, म्हणजे ११० दिवस, उरलेले दहा दिवस बांधावरचे वाळके गवत कापून निघतील. वहीतले गणित सुटले.

गोठ्यातले मात्र सुटेना. दोहोंतला कोणता द्यायचा? बसव तरणा, त्याला भाव येणार. हौशा चौदा वर्षांचा, त्याला कोण घेणार आणि कशासाठी, हे बोलून दाखवायची गरज नव्हती. अप्पांनी बसव दिला. तोही हेड्याला नव्हे, अण्णिगेरीकडच्या एका शेतकऱ्याला, हेड्याच्या भावाहून कमी घेऊन. अर्थशास्त्राच्या कोणत्या सूत्रात हा व्यवहार बसतो, ते मला अजून सापडलेले नाही.

परवा वळीव झाला. वाफसा येताच हौशा आणि अज्जांचा बैल प्रथमच एका जुवाखाली आले. दुसरा दांडगा, हौशा मागे पडू लागला. अप्पांनी कुळव थांबवला, जुवाची मधली बांधणी सोडली आणि दांडग्या बैलाच्या बाजूला चार बोटे सरकवून पुन्हा आवळली. जुवाचा लांब भाग दुबळ्याकडे गेला की ओझ्याचा मोठा वाटा सशक्ताकडे जातो. पुढच्या तासाला दोघे बरोबर चालू लागले.

संध्याकाळी अप्पांनी पुन्हा वही मागवली आणि पुढच्या सालाच्या पानावर लिहायला सांगितले : शाळू, अडीच एकर.